होडीत पेट्रोल भरायचे ते काठावरच!

गुरुजी म्हणाले, या वेळी गोष्ट लिहू नका, आपले स्वतःचे मत लिहा. म्हणून मी माझे मत लिहीत आहे. माझे मत असे आहे की, होडीच्या इंजिनात भर पाण्यात पेट्रोल भरू नये. ते काठावरच भरावे.

आमचे गाव गोदावरीच्या काठी आहे. विष्णुपुरीच्या धरणाचे पाणी अडल्यामुळे इथे नदी रुंद झाली आहे. माझे मामा पण पलीकडे नदीकाठीच राहतात. ते मासे धरतात. आधी ते वल्ह्याने होडी चालवायचे. आता होडीच्या मागे एक लहान इंजिन लावले आहे. त्याची टाकी वेगळी आहे. नळी काढली की ती उचलता येते. पण मामा टाकी काही उचलत नसत. पेट्रोल संपले की होडीतच कॅन वाकडा करून ओतायचे.

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाच्या गावी गेलो होतो. एके दिवशी होडीत बसलो. काठ जवळच होता, तेवढ्यात पेट्रोल संपले. नरसाळे घरी राहिले होते. मामा म्हणाले, "धर रे कॅन." कॅन मीच धरला होता, हे मी खरे सांगतो. होडी हलली, माझा हात हलला आणि वाटीभर पेट्रोल सांडले. थोडे होडीत पडले, थोडे पाण्यात. पाण्यावर निळे, जांभळे, हिरवे रंग पसरले. मला ते आधी लई छान दिसले. इंद्रधनुष्यच वाटले. मग वास आला. मामांनी सवयीने बिडी काढली. मी ओरडलो, "मामा, काडी ओढू नका!" मामा म्हणाले, "अरे, एवढं काय भ्यायलास?" पण बिडी परत खिशात ठेवली.

काठावर मामी म्हशीला पाणी पाजायला आल्या होत्या. म्हशीने पाण्याचा वास घेतला आणि मान मागे घेतली. ती काही केल्या तोंड लावीना. मामी म्हणाल्या, "म्हशीला कळतंय, तुम्हाला कळंना का?" मामा हसले. म्हणाले, "दोन थेंबांनं काय होतंय? गोदावरी केवढी मोठी हाय!"

मला मामांचे हे म्हणणे पटत नाही. थेंबे थेंबे तळे साचे, असे आपण म्हणतो. मग थेंबे थेंबे तळे नासत पण असेल. होड्या काही एक नाही, पुष्कळ आहेत. शिवाय काठावर शेताला पाणी द्यायची डिझेलची इंजिने आहेत. त्यांचे पण तेल गळते. याच जलाशयाचे पाणी नांदेड शहराच्या नळाला जाते. आपण इथे सांडतो आणि तिकडे लोक पितात.

माझी मावशी लातूरला राहते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते. तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. पहिल्या गाडीला पाण्याचे १० डबे होते. त्यात ५ लाख लिटर पाणी होते. मावशी सांगते, तेव्हा तांब्याभर पाणी सांडले तरी घरात भांडण व्हायचे. ज्या पाण्यासाठी आगगाडी आणावी लागते, त्यात पेट्रोल सांडणे बरे आहे का?

दुसरी गोष्ट आगीची. गुरुजींनी सांगितले की पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाशी साचून राहते, दिसत नाही. एका ठिणगीने भडका होतो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे पाण्यावर तरंगते. म्हणून ती आग पाणी टाकून विझत नाही, उलट पसरते. त्यावर वाळू टाकावी. आणि होडीत असल्यावर पळणार कुठे?

म्हणून असे करावे. आधी इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. टाकी काठावर आणून जमिनीवर ठेवावी. टाकी निघत नसेल तर होडी काठावर ओढून घ्यावी. बिडी, काडी, मोबाईल दूर ठेवावा. नरसाळे लावून हळूहळू ओतावे. टाकी गच्च भरू नये, कारण उन्हाने पेट्रोल फुगते आणि बाहेर येते. सांडले तर फडक्याने पुसून घ्यावे. ते फडके चुलीजवळ नेऊ नये. झाकण घट्ट लावावे. वास गेला की मगच इंजिन चालू करावे.

काही जण नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढतात. ते फार वाईट आहे. पोटात गेले तर उलटी करायला लावू नये, लगेच दवाखान्यात न्यावे. पाण्याच्या बाटलीत पण पेट्रोल ठेवू नये. लहान मूल पाणी समजून पिऊन टाकेल.

कोणी म्हणेल, एवढे करायला वेळ कुठे आहे? जाळ्यात मासे वाट पाहतात का? माझे म्हणणे असे की, सकाळी निघायच्या आधीच काठावर टाकी भरावी. म्हणजे मधे भरायची वेळच येत नाही. आणि होडीत वल्हे ठेवावे. पेट्रोल संपले तर वल्हवत काठाला यावे. आजोबांच्या वेळी सगळे तसेच यायचे की.

मामांनी आता नरसाळे टाकीलाच दोरीने बांधले आहे. पण पाण्यावर भरायची सवय अजून पुरती गेली नाही. ते पुढच्या आठवड्यात आमच्या शाळेत येणार आहेत. मामा, हे वाचा आणि रागावू नका. मी कॅन धरीन, पण काठावर धरीन.

— इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा