दुय्यम कोण?

मराठी चित्रपटाचा इतिहास म्हणजे कोल्हापूर, पुणे आणि मुंबई. वऱ्हाडाचा त्यात वाटा नाही, ही समजूत बुलढाण्यापासून अमरावतीपर्यंत इतकी मुरली आहे की तिचे आता कुणाला वाईटही वाटत नाही. गजानन जागीरदारांचे नाव पुढे केले, तर ठरलेले उत्तर येते: ते चरित्र अभिनेते, बापाच्या आणि म्हाताऱ्यांच्या भूमिका करणारे, नायक थोडेच होते? म्हणजे मुलखामुळे एकदा आणि भूमिकांमुळे दुसऱ्यांदा, असे जागीरदार दोनदा मागच्या रांगेत बसवले जातात. यातला मुलखाचा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. १९०७ साली अमरावतीत जन्मलेल्या माणसाला चित्रपट करायचा तर गाव सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला. पैसा होता, पण तो खामगावच्या कापूसबाजारात आणि जिनिंगमध्ये फिरत होता, स्टुडिओत नव्हे. स्टुडिओ नसणे आणि कलावंत नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे म्हटले की पुरे.

खरा वाद भूमिकांचा आहे. चरित्र भूमिका म्हणजे नायकपद हुकलेल्यांची सोय, असे मानणाऱ्यांनी व्ही. शांताराम यांचा १९४१ चा ‘शेजारी’ पाहावा. धरणाच्या उद्योगासाठी दोन जिवलग शेजाऱ्यांत फूट पाडली जाते आणि शेवटी फुटणाऱ्या धरणावर दोघे एकत्र मरतात, ही विश्राम बेडेकरांची कथा. केशवराव दाते पाटील झाले, जागीरदार मिर्झा. त्या वेळी जागीरदारांचे वय ३४ होते. नायकाच्या वयाचा नट वृद्ध मुसलमान गृहस्थ उभा करतो आणि चित्रपटाचा सगळा भार या दोन म्हाताऱ्यांवर असतो. तरुण जोडी असते, पण तिच्यावाचून कथेचे फारसे अडत नाही. हिंदी ‘पडोसी’त शांतारामांनी हिंदू शेजारी मझहर खान यांना दिला आणि मिर्झा जागीरदारांकडेच ठेवला. धर्माच्या नावाने देश दुभंगू पाहत असताना केलेली ही उलटापालट निव्वळ चमत्कृती ठरली असती. ती तशी ठरली नाही, कारण मिर्झा खरा वाटला. हे काम देखण्या चेहऱ्याच्या आवाक्यातले नव्हते.

यावर कुणी म्हणेल की जागीरदारांचे मोठेपण ‘रामशास्त्री’त आहे, आणि तिथे तर ते शीर्षकभूमिकेत होते; मग चरित्र अभिनयाची तरफदारी कशाला? राजा नेने आणि बेडेकर यांच्या हातून गेलेले या चित्रपटाचे दिग्दर्शन अखेर जागीरदारांनी पुरे केले, आणि १९४४ साली पडद्यावर रामशास्त्रीही तेच होते. पण ही भूमिका बघा: तिला प्रणय नाही, मारामारी नाही, गाणी म्हणत फिरणे नाही. नारायणराव पेशव्याच्या खुनाबद्दल राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश आवाजावर, नजरेवर आणि थांबण्यावर उभा राहतो. ही चरित्र भूमिकाच आहे. फक्त ती मध्यभागी आणून ठेवली आहे. हा दाखला आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचा नाहीच.

दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. पुढे हिंदीत त्यांनी जे केले, त्यातले पुष्कळसे साच्यातले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘हम दोनो’मधला श्रीमंत बाप आणखी कुणीही निभावला असता. पण ‘गाईड’मधला भोला काढून टाकून पाहा. देवळाच्या आसऱ्याला आलेल्या राजूला, म्हणजे देव आनंदला, साधू ठरवणारा पहिला माणूस हा भोला. त्याची भाबडी श्रद्धा प्रेक्षकाला पटली नाही, तर राजूचे उपोषण हास्यास्पद होते आणि चित्रपटाचा उत्तरार्ध कोसळतो. देव आनंदचा अभिनय जागीरदारांच्या विश्वासावर टेकलेला आहे, असे मी म्हणतो आणि ते अतिशयोक्त मानत नाही. चित्रपट अशा भूमिकांवर टेकलेला असतो, ही जाण अमेरिकेतही उशिरा आली. ऑस्करने सहायक अभिनेत्याला स्वतंत्र पारितोषिक दिले ते १९३६ च्या चित्रपटांपासून; पहिले वॉल्टर ब्रेनन यांना, आणि १९४० पर्यंत त्यांच्याकडे अशी तीन झाली. म्हातारे रंगवण्यासाठी प्रसिद्ध असलेले ब्रेनन तेव्हा पन्नाशीलाही पोचले नव्हते.

लोकप्रियता शिकवता येत नाही, वय आणि स्वभाव बदलण्याची विद्या शिकवता येते. जागीरदारांनी अभिनयावर पुस्तक लिहिले. १९६० साली प्रभात फिल्म कंपनीच्या पुण्यातल्या जागेत सरकारी फिल्म संस्था निघाली, तेव्हा तिच्या पहिल्या प्रमुखांत नाव आले ते याच म्हाताऱ्यांच्या भूमिका करणाऱ्या नटाचे, आणि तेही जिथे मिर्झा आणि रामशास्त्री घडले त्याच आवारात. बुलढाणा, खामगाव, चिखलीच्या महाविद्यालयांनी ‘शेजारी’ आणि ‘गाईड’ एकापाठोपाठ दाखवावेत, आणि जागीरदारांना दुय्यम म्हणायचे की नाही, ते मुलांनाच ठरवू द्यावे.