उभ्यांचा बाजार

'वाकिफ' हा शब्द उर्दू बोलणाऱ्या घरांना परका नाही. आपण तो 'माहीतगार' या अर्थाने वापरतो. अरबीत मात्र त्याचा पहिला अर्थ 'उभा असलेला'. थांबणे, उभे राहणे या मूळ अर्थाच्या धातूपासूनच आपला 'वक्फ'ही आला. कतारच्या दोहा शहरातल्या 'सूक वाकिफ' या जुन्या बाजाराचे नाव याच अर्थाने पडले. बाजार मुशैरिब वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याच्या काठावर. भरतीचे पाणी आत शिरले की बसायला जागा उरत नसे, म्हणून विक्रेते उभ्याने माल विकत, असे सांगतात. वाळवंटातले बदू मेंढ्या आणि लोकर घेऊन येत आणि घरात लागणाऱ्या वस्तू घेऊन परत जात.

त्या काळी तिथल्या समुद्रातले मोती विकायला मुंबईला येत. 1966 पर्यंत कतारमध्ये व्यवहारही रुपयातच होत होता, हे आज तिथे नोकरीला जाणाऱ्या आपल्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही.

पुढे तेल आले, पैसा आला. जुन्या बाजारात सिमेंटच्या इमारती आणि पत्रे घुसले. 2003 मध्ये मोठी आग लागली. अशा वेळी जागा मोकळी करून तिथे मॉल उभारणे सर्वांत सोपे होते. तसे झाले नाही. मोहम्मद अली अब्दुल्ला या चित्रकाराकडे काम सोपवले गेले. त्यांनी बाजाराचा इतिहास तपासला. नंतरच्या इमारती पाडल्या, पत्रे काढून लाकडी वासे, बांबू, माती आणि गवताचे छत घातले. 2010 च्या आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत हे काम होते.

काही जाणकार म्हणतात, हे सगळे नाटकाच्या नेपथ्यासारखे आहे, नवेच बांधले आणि जुने म्हणून दाखवले. या आक्षेपात तथ्य आहे. हॉटेले आणि हुक्क्याची दुकाने वाढली, तिथला चहाही सगळ्यांच्या खिशाला परवडणारा नाही. तरीही आमचे मत बाजाराच्या बाजूने पडते, आणि त्याचे कारण मातीच्या भिंती नव्हेत. तिथे अजून मसाले मिळतात, बिर्याणीचे मोठे पातेले मिळते, कापड, ऊद, अत्तर, पाळीव पक्षी मिळतात. शिकारी ससाण्यांचा वेगळा बाजार आहे आणि त्यांच्यासाठी चक्क इस्पितळ आहे! दुपारी गल्ल्या ओस असतात, मगरिबनंतर बायका-मुलांसह घरेच्या घरे बाहेर पडतात. पर्यटक फोटो काढतो त्याच गल्लीत कुणीतरी घरासाठी वेलची घेत असतो. बाजार जिवंत आहे तो या वेलचीवाल्या गिऱ्हाइकामुळे.

आणि हमालांमुळे. गडद लाल बंडी घातलेली, बरीचशी वयस्क माणसे एकचाकी गाडी ढकलत गिऱ्हाइकाचे सामान वाहतात. त्यांना तिथे 'हम्माल'च म्हणतात. हमाल, दलाल, सराफ, रक्कम, नफा, हिशेब हे सगळे शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठी बाजारात आले आणि इथलेच होऊन गेले. वर्गात मुलांना हे सांगितले की त्यांना आधी हसू येते, मग ती आणखी शब्द शोधू लागतात.

मुंबईत भेंडीबाजाराच्या जुन्या चाळी पाडून उंच मनोरे उभे राहत आहेत. मोडकळीला आलेल्या जिन्यांवरून रोज जीव मुठीत धरून चढणाऱ्यांना पक्के घर हवेच, त्याबद्दल दुमत नाही. पण आराखडा पाहताना आम्ही एवढेच विचारू, की रस्त्यावर टोप्या, सुरमा, मिस्वाक, खजूर विकणारा माणूस त्यात कुठे उभा आहे? दुकानदाराला गाळा मिळतो, कारण त्याच्याकडे कागद असतो. उभ्याने विकणाऱ्याकडे कागद नसतो. सूक वाकिफचे तर नावच त्याच्यावरून पडले आहे.

2024 च्या उन्हाळ्यात याच सूक वाकिफमध्ये भारतीय आंब्यांचे प्रदर्शन भरले होते. त्याच्या नावात एक शब्द होता, 'हंबा'. आखाती अरबीत आंब्याला हंबा म्हणतात, आणि तो कुठून गेला असेल ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको.