सुगंध हवाच, पण औषधाच्या शिस्तीत

सर्दी झाली की रुमालावर निलगिरीचे दोन थेंब, दाढ दुखली की लवंगेच्या तेलाचा बोळा, तान्ह्या बाळाच्या उशाशी ओवा-कापराची पुरचुंडी. ‘अरोमाथेरपी’ हा शब्द कानावर येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी घरांत सुगंधोपचार चालत आले आहेत. आता त्यांच्या जोडीला लॅव्हेंडर, टी ट्री, पेपरमिंटच्या इवल्या बाटल्या आणि डिफ्युझर आले. त्यांच्याबद्दलचे दावेही वाढले. त्यामुळे या तेलांकडे जरा डोळसपणे पाहायला हवे.

‘इसेन्शियल ऑइल’ म्हणजे ‘आवश्यक तेल’ नव्हे. इसेन्स म्हणजे अर्क. पाने, फुले किंवा सालीतून बहुधा वाफेच्या साहाय्याने काढलेला, हवेत उडून जाणारा हा अर्क असतो. लवंगेत युजेनॉल, ओव्यात थायमॉल, निलगिरीत सिनिओल, पुदिन्यात मेंथॉल ही त्यातली मुख्य द्रव्ये. म्हणजे ‘शंभर टक्के नैसर्गिक’ बाटलीतही रसायनेच असतात आणि ती मूळ पानाफुलांपेक्षा कितीतरी पट तीव्र असतात.

‘अरोमाथेरपी’ हा शब्द रूढ केला फ्रेंच रसायनतज्ज्ञ रने-मॉरिस गातफोसे यांनी. १९१० मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात त्यांचे हात भाजले आणि जखमांवर त्यांनी लॅव्हेंडरचा अर्क वापरला. पुढे १९३७ मध्ये त्यांचे याच नावाचे पुस्तक आले. हा किस्सा आजही जाहिरातींत पुरावा म्हणून सांगितला जातो. पण एका माणसाच्या अनुभवावरून उपचारपद्धती सिद्ध होत नाही.

मग पुरावा कशाचा आहे? वासाचे संदेश मेंदूतील भावना आणि स्मृतीच्या केंद्रांपर्यंत फार थेट पोहोचतात. त्यामुळे सुगंधाने मन हलके होणे हा निव्वळ भ्रम नाही. पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलचा आतड्यांच्या त्रासात (आयबीएस) उपयोग होतो. मुरुमांवर ५ टक्के टी ट्री जेल सावकाश का होईना काम करते. दंतवैद्य युजेनॉल वापरतातच. मात्र ही यादी छोटी आहे, आणि त्यातल्या प्रत्येक उपयोगाला ठरलेली मात्रा आणि ठरलेला मार्ग आहे.

बरे वाटणे आणि बरे होणे यांतला फरक निलगिरी, कापूर आणि मेंथॉल छान दाखवून देतात. यांचा वास घेतला की नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्ष मोजले तर नाकातून जाणाऱ्या हवेचा अडथळा तेवढाच असतो. फक्त थंडावा ओळखणाऱ्या नसा चाळवलेल्या असतात. सर्दीत एवढा दिलासाही पुरतो. पण २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढतो असे संदेश फिरले. त्या भरवशावर रुग्णालयात जायला होणारा उशीर जिवावर बेतू शकतो.

दुसरा धोका थेट विषबाधेचा. कापूर पोटात गेल्यास लहान मुलाला काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. वडीभर कापूरही त्याला घातक ठरू शकतो. निलगिरीचे तेल चमचाभर गेले तरी मूल बेशुद्ध पडू शकते. अमेरिकेने १९८० च्या दशकातच औषधी उत्पादनांतील कापराचे प्रमाण ११ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. आपल्याकडे मात्र कापराचा डबा देवघरात, रांगत्या बाळाच्या हाताला येईल असा असतो. निलगिरी आणि कापराच्या तेलांचा वास घेतल्यावर किंवा ती चोळल्यावर मोठ्यांनाही फिट आल्याच्या नोंदी बेंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या आहेत.

म्हणून या तेलांना औषध म्हणायचे असेल, तर औषधाची शिस्तही पाळावी. तेल पोटात घेऊ नये. त्वचेवर लावायचे तर चमचाभर (५ मिली) खोबरेल तेलात एक-दोन थेंबच मिसळावेत आणि आधी हातावर थोडे लावून पाहावे. दोन वर्षांखालील मुलांना कापूर-मेंथॉलचे बाम चोळू नयेत, त्यांच्या नाकाजवळ पुरचुंडी ठेवू नये. फिट येणाऱ्यांनी, दमेकऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मुलाने तेल किंवा कापूर गिळल्यास ओकारी काढायला न लावता, बाटली किंवा डबा सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे.

बाटलीवरच्या ‘थेरप्यूटिक ग्रेड’ या शब्दांना भुलण्याचे कारण नाही; तसा कोणताही सरकारी दर्जा नसतो. विक्रेत्यांनीही बाटलीवर मराठीत इशारा आणि मुलांना सहज न उघडणारे झाकण द्यायला हवे. ते होईपर्यंत निदान कापराचा डबा आणि निलगिरीची बाटली घरातल्या वरच्या फळीवर, गोळ्या-औषधांच्या शेजारी ठेवणे प्रत्येकाला आजच जमण्यासारखे आहे.