जुन्या नोंदवह्यांवर हक्क कोणाचा?

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. त्या दिवसापासून जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाला शाळाप्रवेश, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी ह्या सर्वांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे, आणि नव्या नोंदी राष्ट्रीय माहितीसाठ्यात जमा करण्याची तरतूद झाली आहे. नव्या नोंदींविषयी शासन असे दक्ष असताना ह्या मुलांच्या पणजोबांची नोंद असलेल्या वह्या मात्र ठिकठिकाणी दप्तरखान्यांत वाळवीच्या तोंडी पडून आहेत. ही विसंगती आम्हांला केवळ कार्यालयीन ढिलाई वाटत नाही.

पूर्वजांचा शोध हा सुखवस्तूंचा छंद आहे, असा एक समज आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. ज्या घराण्यांपाशी सनदा होत्या आणि ज्यांनी आपले कुलवृत्तान्त छापून घेतले, त्यांचे सरकारी वहीवाचून अडले नाही. ज्यांचे नाव उभ्या आयुष्यात दोनदाच कागदावर चढले, एकदा जन्मताना आणि एकदा मरताना, त्यांच्या वंशजांना मात्र गावोगावची ‘कोतवाल बुके’ हाच आपल्या घराण्याचा एकमेव इतिहास आहे.

महाराष्ट्रात तर ह्या इतिहासावर भाकरी अवलंबून आहे. जात सिद्ध करण्याची जबाबदारी २००० सालच्या कायद्याने अर्जदारावरच टाकली आहे. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा आणि विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. पुरावा शासनाच्या कपाटात, आणि तो शोधून आणण्याचा भार मात्र भूमिहीन मजुराच्या मुलीवर! हा न्याय नव्हे.

हे काम अशक्य आहे, असे आता कोणी म्हणू नये. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती २०२३ साली नेमली गेली, तेव्हा कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे उघडली गेली, मोडी वाचणारे शोधले गेले आणि लक्षावधी नोंदी उजेडात आल्या. आंदोलनाच्या रेट्याने एका समाजासाठी जे झाले, ते सर्वांसाठी नित्याचा हक्क म्हणून का होऊ नये?

आयर्लंडने ह्याचा सोपा नियम घालून दिला आहे. जन्माला १००, विवाहाला ७५ आणि मृत्यूला ५० वर्षे उलटली की नोंदवहीच्या पानांच्या प्रतिमा सरकारी संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. हयात माणसाचे खाजगीपण राखले जाते आणि इतिहासही खुला होतो. आपल्या १९६९ च्या कायद्याचे सतरावे कलमही कोणालाही नोंदीचा शोध घेण्याची मुभा देते. मृत्यूचे कारण तेवढे गुप्त राहते. पण नावनिहाय सूचीच नसेल, तर ही मुभा कुलूप असलेल्या दाराची किल्ली हरवल्यासारखी आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. जीर्ण वह्यांच्या प्रतिमा प्रथम घ्याव्यात, मोडी आणि उर्दू नोंदींसह त्यांची गावनिहाय, नावनिहाय सूची करावी, कालमर्यादा ठरवून त्या विनामूल्य खुल्या कराव्यात, आणि हा सार्वजनिक ठेवा नफ्यासाठी कोणा खाजगी कंपनीच्या हवाली करू नये. आणखी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. पालावर किंवा रस्त्याच्या कडेला जन्मलेल्यांची नोंद बहुधा कोणी केलीच नाही. वहीत नाव नाही, हा त्यांच्याविरुद्धचा पुरावा मानला जाता कामा नये. तो त्यांना न मोजणाऱ्या व्यवस्थेविरुद्धचा पुरावा आहे.

कार्यकर्त्यांनी शासनाच्या आदेशाची वाट पाहू नये. आपल्या गावची जुनी नोंदवही कोठे आहे, कोणत्या वर्षापासूनची आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, एवढे तीन प्रश्न त्यांनी येत्या ग्रामसभेत विचारावेत आणि मिळणारे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.