तो गेला की पाठवला?

मोसम संपला की आमच्या वालचंदनगरच्या चहाच्या टपऱ्यांवर एकच चर्चा: कोण कुठल्या संघात जाणार? संघ बदलला की 'पैशासाठी गेला' हा शेरा ठरलेला.

मोहम्मदरेझा शादलूईचंच घ्या. २०२३च्या प्रो कबड्डी लिलावात पुणेरी पलटणने या इराणी खेळाडूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. मार्च २०२४मध्ये आपल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पलटणने पहिलं विजेतेपद पटकावलं. पुढच्या लिलावाआधी शादलूईला पलटणनेच मोकळं केलं. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं. म्हणजे रक्कम उलट घटली!

लिलावात संघ बोली लावतो, खेळाडू संघ निवडत नाही. अमेरिकेतही तेच. फेब्रुवारी २०२५मध्ये डॅलसने बास्केटबॉलपटू लुका डॉन्चिचला न विचारता लॉस एंजेलिसला देऊन टाकलं.

संघाने खेळाडू सोडला की तो 'व्यवहार', आणि खेळाडूने दुसरी जर्सी घातली की 'गद्दारी'? निष्ठा मागायची तर दोघांकडूनही मागावी. कोट्यधीश खेळाडू हे बोलणं सोसेलही. पण कमी बोलीवर खेळणाऱ्या खेड्यातल्या पोराला ते जिव्हारी लागतं. म्हणून शेरा मारण्याआधी विचारा: तो गेला, की त्याला पाठवलं?