शब्दार्थ पाठ हवेतच

‘शब्दार्थांचे पाठांतर बंद करा’ हे पत्र वाचले. अजिबात पटले नाही. ज्या मुलाच्या घरीदारी इंग्रजी कानावर पडतच नाही, त्याने शब्द उचलावेत कुठून? खरा घोळ शब्दांच्या निवडीत आहे. बंगालमध्ये इंग्रजी अध्यापनाचे काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली नेहमीच्या वापरातल्या सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या मजकुराचा मोठा भाग तेवढ्यात उलगडतो. आमच्या सातवीच्या वह्यांत मात्र ‘मेटिक्युलस’ सापडतो, आणि ‘बॉरो’ व ‘लेंड’मध्ये गल्लत होते. ‘बॉरो अ पेन फ्रॉम रवी’ असे वाक्यासकट पाठ करून घ्या, आठवड्याने पुन्हा विचारा. क्लास न परवडणाऱ्या मुलांच्या हातातले हे साधन कृपया काढून घेऊ नका.

– एक इंग्रजी शिक्षिका, सातारा