पन्नाशीचे ताट आणि हरभऱ्याचे पीठ

दंड-बैठका आणि सूर्यनमस्कार यांचा नियम सुटतो तो साधारणपणे पस्तिशीच्या सुमारास. नोकरी, संसार आणि संघटनेतील जबाबदाऱ्या याच काळात वाढतात. मैदानावरचा स्वयंसेवक बैठकीतला कार्यकर्ता होतो. ताट मात्र विशीतलेच राहते. तोच भात, त्याच चार पोळ्या, तोच आग्रहाचा गोड घास. पुढे पंचेचाळिशी-पन्नाशीत एखाद्या नैमित्तिक तपासणीत रक्तातील साखर वाढलेली आढळते आणि ‘अचानक’ मधुमेह झाल्याचे घरभर सांगितले जाते. वस्तुतः त्यात अचानक असे काहीच नसते. पंधरा वर्षे तो दाराशी उभा असतो.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटींहून अधिक आहेत. प्रौढांमधील सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले : २६.४ टक्के, म्हणजे चारांत एकाहून अधिक. हा रोग आता केवळ शहरी सुखवस्तूंचा उरलेला नाही.

शरीराने सडपातळ असलेल्यांनी निश्चिंत राहावे, असेही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. शरीरभाराचा निर्देशांक दोघांचाही २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरातील २१.२ टक्के. बारीक हातापायांचा आणि किंचित सुटलेल्या पोटाचा भारतीय पुरुष आरशात सडपातळ दिसतो, पण आतून स्थूल असतो, हे याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

आपल्या पूर्वजांना हे रूप अपरिचित नव्हते. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले आहेत आणि त्याच्या कारणांत बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, नवे धान्य व गुळाचे पदार्थ यांची गणना केली आहे. सुश्रुताने प्रमेहीच्या पथ्यात चणक, तूर, कुळीथ आणि मूग सांगितले. चालण्याचा आणि श्रमाचा उपदेश केला. त्या ग्रंथांचा गौरव व्याख्यानमालांतून होतो तेव्हा टाळ्या पडतात. मात्र व्याख्यान संपल्यावर जो चहा येतो, त्यात दोन चमचे साखर असते आणि सोबत बशीत मैद्याची बिस्किटे असतात.

हा चहा हा एक स्वतंत्र विषय आहे. प्रवासी कार्यकर्ता दिवसाकाठी पाच-सहा घरी जातो आणि कोणत्याही माउलीचे मन मोडणे त्याला अवघड वाटते. आग्रह ही आपल्या संस्कृतीची शोभा खरीच. पण ज्याच्या पायांना मुंग्या येत आहेत, त्याला तिसरा लाडू वाढणे हे आतिथ्य म्हणता येईल काय? पाहुण्याला ‘साखर किती?’ असे विचारण्यात कसलाही कोतेपणा नाही. बिनसाखरेचा चहा मागणाऱ्याकडेही दयेने पाहण्याचे कारण नाही.

स्वदेशीच्या अभिमानापोटी होणारी एक गफलत येथेच नोंदवली पाहिजे. साखरेऐवजी गूळ घेतला, गव्हाऐवजी नाचणी घेतली की काम भागले, असे अनेक घरांत मानले जाते. गूळ हाही रक्तात जाऊन साखरच वाढवतो. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच पाहणीच्या पुढील निष्कर्षांनुसार भारतीय माणूस आपल्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांतून मिळवतो. एका धान्याच्या जागी केवळ दुसरे धान्य ठेवल्याने धोका कमी होत नाही. पिष्टाचा एकूण वाटा घटवून त्या जागी डाळी-कडधान्यांतील किंवा दूधदुभत्यातील प्रथिने आणली, तर तो कमी होण्याची शक्यता दिसते. भरडधान्यांचा गौरव जरूर व्हावा, पण ज्वारीच्या चार भाकऱ्या या शेवटी चार भाकऱ्याच असतात.

येथे हरभऱ्याचे महत्त्व कळते. हरभऱ्याच्या डाळीत शंभर ग्रॅमला २१-२२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे कणकेच्या जवळजवळ दुप्पट. तंतुमय भागही भरपूर असतो. मैद्यात तो नावापुरताच उरतो. हरभऱ्यातील पिष्ट सावकाश पचते, त्यामुळे जेवणानंतर रक्तशर्करा एकदम उसळत नाही. पीठ जितके बारीक, तितके पचन वेगाने होते. म्हणून गिरणीतून जाडसर दळून आणलेले घरचे पीठ वस्त्रगाळ बेसनापेक्षा बरे. घरच्या दळणाचा दुसरा लाभ असा की त्यात वाटाण्याच्या किंवा लाखेच्या पिठाची भेसळ होत नाही. पीकही परके नव्हे. जगातील बहुतांश हरभरा भारतात पिकतो, त्यात महाराष्ट्र अग्रेसर आहे आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे ‘विजय’ व ‘दिग्विजय’ हे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत.

दुर्दैव असे की या पिठाचे निम्मे आयुष्य कढईत जाते. शेव, भजी, फरसाण, नाहीतर तूपसाखरेचा लाडू! पिठले आणि धिरडे ही त्याची प्रामाणिक रूपे. पण पिठल्याशेजारी भाताचा डोंगर रचला की हिशेब पुन्हा तिथेच येतो. अलीकडे मध्यमवर्गीय घरांत विजेची भट्टी आली आहे आणि बहुधा ती केकपुरती वापरली जाते. तिचा खरा उपयोग बेसन भाजण्यासाठी करता येईल. ही कल्पना पाश्चात्त्यांची उसनवारी ठरवण्याचेही कारण नाही. इटलीतील जिनोआत बेसन, पाणी, तेल आणि मीठ यांचे पातळ मिश्रण तांब्याच्या परातीत भट्टीत भाजून ‘फारिनाता’ करतात; गुजरातेत डाळ-तांदळाचा हांडवो खरपूस भाजला जातो.

बेसनात गव्हाचा चिकटपणा नसतो. म्हणून निव्वळ बेसनाचा पाव फुगत नाही, भुगा होतो. ही मर्यादा मान्य करून पदार्थ निवडावा. दोन वाट्या जाडसर बेसन एक वाटी आंबटसर दह्यात व लागेल तेवढ्या पाण्यात अर्धा तास भिजवावे, म्हणजे त्याचा कच्चट वास जातो. त्यात वाटीभर किसलेला दुधी, आले-मिरची, हळद, मीठ, तीळ, दोन चमचे तेल आणि शेवटी अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालावा. १८० अंशांवर ३५-४० मिनिटांत वरून तांबूस, आतून जाळीदार वडी तयार होते. कोथिंबीर वडी आणि अळूवडीही उकडल्यावर तळण्याऐवजी तेलाचा हात लावून अशाच भाजता येतात. चहाबरोबरची बिस्किटे हवी असतील तर कणीक व बेसन निम्मे-निम्मे घेऊन ओवा-जिऱ्याची खारी करावी, तीही दोनच खावीत. भट्टीतून आले म्हणून तूप नाहीसे होत नाही. नानकटाईतही बेसन असते, पण तिला पथ्य म्हणण्याचे धाडस कोणी करू नये! बाजारातील ‘मल्टिग्रेन’ पुड्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिले नाव मैद्याचे असेल, तर पुढची पाच धान्ये शोभेची समजावीत.

आणखी एक गोष्ट घराघरांतील रिवाजाची. घरच्या कर्त्याला साखर निघाली की त्याचे ताट वेगळे होते आणि सर्व कुटुंब पूर्ववत जेवते. तो मग चोरून खातो. त्याची पत्नी मात्र दोन स्वयंपाक करून थकते, उरलेले संपवते, एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाते, जी जवळजवळ निव्वळ पिष्टच असते. स्वतःची तपासणी ती वर्षानुवर्षे करत नाही. उपाशीपोटी शर्करा १०० ते १२५ च्या दरम्यान असणे हा उंबरठा होय आणि ती चाचणी नवऱ्याबरोबर तिचीही व्हायला हवी. ताट एकच असावे, सर्वांचे. मुलांनाही त्याने अपाय होत नाही. ज्यांना इन्शुलिन वा गोळ्या चालू आहेत त्यांनी पिष्ट घटवताना औषधाची मात्रा वैद्यांना विचारून घ्यावी, आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डाळींचे प्रमाणही.

कुटुंब प्रबोधनाच्या बैठकांत एकत्र भोजनाचा आग्रह धरला जातो. त्या भोजनात काय असावे याची चर्चा मात्र क्वचितच होते. शिबिरांच्या भोजन विभागाने पोहे-शिरा-चहा या ठरलेल्या न्याहारीत आठवड्यातून दोन दिवस बेसनाची धिरडी आणि मोड आलेली मटकी घातली, चहाची साखर वेगळी ठेवली, तरी शंभर जणांच्या पंगतीत खर्च फारसा वाढणार नाही. सुरुवात येत्या शिबिरापासून करता येईल.